'2 कोटी मंजूर' हे खोटं आहे असं गावात कसं सांगायचं

पारोळा तालुक्यातल्या एका तरुण भावाचा प्रश्न आहे, आधी तो थोडक्यात सांगतो. गावाच्या फाट्यावर बॅनर लागलं, "साहेबांच्या अथक प्रयत्नांतून गावासाठी 2 कोटींचा निधी मंजूर, जाहीर आभार". गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फुलं, जोडलेले हात, फटाके सुरू झाले. याने लिहिलं, "हे सगळं खोटं आहे, एक रुपया आलेला नाही, सगळे चोर आहेत." वीस मिनिटांत ॲडमिनने याला ग्रुपमधून काढून टाकलं. रात्री चुलतभाऊ, जो त्याच पक्षाचं काम करतो, घरी येऊन वडिलांना चार गोष्टी ऐकवून गेला आणि वडील याला एवढंच म्हणाले, "आपले काय करनं शे?", म्हणजे आपल्याला काय करायचंय. आता हा विचारतोय की जिकडे तिकडे खोटंच चालत असेल तर खरं बोलून उपयोग काय, आणि बोलायचंच असेल तर कसं बोलायचं की घर पण टिकेल आणि गोष्ट पण पोचेल. पेपरात हे का येत नाही, हेही विचारतोय.

भाऊ, मी अमळनेर-पारोळा-चोपडा या पट्ट्यात 28 वर्षं तालुका वार्ताहर होतो, आणि गेली काही वर्षं लोकांना माहिती अधिकाराचे अर्ज लिहून देतो, त्यामुळे हे बॅनरवरचे कोटी मी खूप जवळून पाहिलेत. तुझ्या बाजूने बोलायच्या आधी तुझ्या मेसेजबद्दल बोलतो कारण खरी अडचण तिथेच आहे.

तू तीन वाक्यं लिहिली. हे सगळं खोटं आहे, एक रुपया आलेला नाही, सगळे चोर आहेत. यातलं कोणतं वाक्य तुझ्याकडे कागद घेऊन तू चारचौघात उभं करू शकतो? मला वाटतं एकही नाही. रुपया आला नाही हे कदाचित बरोबरही असेल, पण ते तुला अंदाजाने माहितीये, कागदाने नाही. आणि 'सगळं खोटं' हे तर बहुतेक चुकीचंच आहे, कारण असं बॅनर सहसा शंभर टक्के खोटं नसतंच. हल्लीची राजकीय फसवणूक पूर्ण खोटं बोलून होत नाही, खऱ्या शब्दाचा अर्थ मोठा करून होते, आणि ज्याला ते शब्द माहीत नाहीत तो त्याच्यासमोर हरतो, मग तो कितीही प्रामाणिक असो.

'मंजूर' हा शब्द घे. गावातल्या रस्त्याचं एखादं काम सरकारी कागदावर किती पायऱ्या चढतं ते बघ. आधी आमदारांचं किंवा सरपंचांचं पत्र जातं, म्हणजे मागणी. मग प्रस्ताव. मग कधी कधी 'तत्त्वतः मान्यता', म्हणजे कल्पना चांगली आहे एवढंच. मग प्रशासकीय मान्यता, म्हणजे हे काम करायचं आणि त्याला अंदाजे इतका खर्च येईल हे सरकारने मान्य केलं. मग इस्टिमेट तपासून तांत्रिक मान्यता. मग निविदा. मग वर्क ऑर्डर. काम झालं की इंजिनीअर ते मोजमाप पुस्तिकेत, ज्याला सगळे एमबी म्हणतात, चढवतो आणि मग बिल निघतं, आणि निधी खऱ्या अर्थाने वितरित होतो तो टप्प्याटप्प्याने, कधी थोडाच, कधी वर्षभर काहीच नाही. आता या प्रत्येक पायरीवर बॅनर लागतं आणि प्रत्येक बॅनरवर शब्द एकच, 'मंजूर'. पत्र दिलं तरी मंजूर, प्रशासकीय मान्यता मिळाली तरी मंजूर. एकाच रस्त्याचे आभार तीन वेळा मानलेले मी बघितलेत, दोन वेळा एका पक्षाने आणि एकदा सरकार बदलल्यावर दुसऱ्याने.

आपल्याकडे पाडळसे धरण आहे ना, तापीवरचं, निम्न तापी प्रकल्प. त्याचं काम 1990 च्या दशकाच्या शेवटी सुरू झालं तेव्हा मी नवा नवा बातम्या करायला लागलो होतो, आणि पुढे प्रत्येक निवडणुकीत ते धरण कोणाच्या ना कोणाच्या भाषणात 'मार्गी लागलं'. मान्यता, सुधारित मान्यता, निधीची तरतूद, केंद्राची मान्यता. यातला प्रत्येक शब्द त्या त्या वेळी कुठल्यातरी कागदावर होता, म्हणून बोलणाऱ्याला खोटारडा म्हणणं कठीण. पण काठावरच्या शेतकऱ्याने ऐकलं काय, तर पाणी येणार. गिरणेवरच्या सात बलून बंधाऱ्यांचंही तेच, ऐकून ऐकून एक पिढी म्हातारी झाली.

यात माझाही वाटा आहे आणि तो सांगितल्याशिवाय मला तुला काही शिकवायचा हक्क नाही. कामाला लागल्यावर पाच-सहा वर्षांनी एका उपसा सिंचन योजनेची प्रेसनोट माझ्याकडे आली, 'योजनेस मंजुरी, अमुक इतकी गावं ओलिताखाली येणार'. माणूस ओळखीचा, माझ्या विचारांचा, मला आवडणारा. मी कागद मागितला नाही. चार कॉलम बातमी लागली, फोटोसकट. दीड-दोन वर्षांनी एका शेतकऱ्याच्या ओट्यावर बसलो होतो, त्याने सोसायटीचं आणि वरून सावकाराचं कर्ज काढून बांधापर्यंत पाइप आणून टाकलेले, ते काळे पाइप तसेच पडलेले, त्यांच्यात गवत उगवलेलं. मी विचारलं एवढी घाई का केली आबा, तर तो शांतपणे म्हणाला, "तुम्हना पेपरमा वाचेल व्हतं." त्याला माहीत नव्हतं ती बातमी मीच लिहिलेली. मी तेव्हा बोललो नाही. पुढच्या आठवड्यात परत गेलो आणि सांगितलं, ते सांगताना माझी जीभ जड झाली होती. त्या योजनेला मिळालेली होती ती फक्त सर्वेक्षणाची परवानगी. कागद बघायला मला एक फोन आणि अर्धा दिवस लागला असता.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली, आपल्या माणसाने सांगितलेलं असेल तर दोनदा तपासायचं. विरोधकाच्या बोलण्यावर आपण आपोआप शंका घेतो, त्यासाठी वेगळी मेहनत लागत नाही. आपल्या बाजूचं खोटं आपल्याला खोटं वाटतच नाही, ते 'थोडं वाढवून सांगितलं' वाटतं. तू चुलतभावावर चिडलाय, पण तुझ्या मनाला पटणाऱ्या पक्षाचं असंच बॅनर लागलं असतं तर तू हाच मेसेज टाकला असता का? याचं उत्तर मला देऊ नको, स्वतःला दे, कारण गाव तुला तोच प्रश्न विचारणार आहे, तोंडावर नाही तर मनात.

अमळनेरला साने गुरुजींनी 1938 ला 'काँग्रेस' नावाचं साप्ताहिक काढलं. त्यावेळी मुंबई प्रांतात सरकार काँग्रेसचंच होतं, म्हणजे त्यांच्याच पक्षाचं, ज्याच्यासाठी ते तुरुंगात जाऊन आलेले. आणि तरी पिकं बुडाली तेव्हा शेतसारा माफ करा म्हणून ते शेतकऱ्यांसोबत उभे राहिले. फैजपूरचं काँग्रेस अधिवेशन होऊन जेमतेम दोन वर्षं झालेली, सगळा खान्देश भारावलेला, अशा वेळी आपल्याच सरकारकडे बोट दाखवायला काय लागतं ते मला तरुणपणी कळलं नव्हतं, आता कळतं.

पेपरात हे का येत नाही असंही तू विचारलंय. सरळ सांगतो, कोणावर राग नाही. तालुका वार्ताहराला मिळणारं मानधन सांगायला लाज वाटेल इतकं असतं, घर चालतं जाहिरातीच्या कमिशनवर. दिवाळी अंकाच्या जाहिराती, पुरवणीच्या जाहिराती, आणि सगळ्यात मोठ्या म्हणजे नेत्यांच्या वाढदिवसाच्या. ज्याच्या वाढदिवसाचं पान तू आणलं त्याच्या बॅनरची पायरी तपासायला तू जाशील का? 2009 च्या विधानसभेला तर 'पॅकेज' हा शब्दच रूढ झाला, बातमीच्या रूपात प्रचार, आणि ते इतकं झालं की प्रेस कौन्सिलला पेड न्यूजवर चौकशी करून 2010 ला अहवाल द्यावा लागला. वार्ताहर वाईट असतात असं नाही, बऱ्याच जणांना सगळं माहीत असतं, पण त्यांच्याकडे जर कोणी गावातून पक्का कागद आणून दिला तर छापायला त्यांनाही आधार मिळतो. हे लक्षात ठेव, पुढे कामाला येईल.

आता ग्रुपचं. इथे मला रेंगाळावं लागेल कारण आपल्या खान्देशावर एक डाग आहे. 1 जुलै 2018, रविवार, साक्री तालुक्यातलं राईनपाडा. बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातली, भिक्षा मागत फिरणारी, मुलं पळवणारी टोळी समजून लोकांनी ठेचून मारली, ग्रामपंचायतीच्या ऑफिसात कोंडून. कारण काय तर त्याआधी कित्येक दिवस मोबाईलवर फिरणारे मेसेज. त्या दिवसांत देशभर जो एक व्हिडिओ पोरं पळवतात म्हणून फिरत होता तो मुळात कराचीचा होता, मुलांची काळजी घ्या असं सांगणारा जनजागृतीचा व्हिडिओ, त्याचा शेवटचा भाग, जिथे मोटरसायकलवाला मुलाला परत आणून सोडतो आणि पाटी दाखवतो, तोच कापून टाकलेला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घालायला सुरुवात केली.

मला त्या घटनेत सगळ्यात जास्त काय टोचतं ते सांगतो. तसाच मेसेज आठ दिवस आधी आमच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर आलेला होता. "खात्री नाही पण सावध राहा" असं लिहून. माझं कामच बातमीचं, मला बघताक्षणी कळलं की खोटं आहे, मी जळगावला एका पोलीस अधिकाऱ्याला फोन करून विचारलंही होतं, जिल्ह्यात अशी एकही तक्रार नाही असं त्याने सांगितलं. तरी मी ग्रुपवर काही लिहिलं नाही. का, तर मेसेज मोठ्या काकांनी टाकलेला होता, त्यांचा मान. आमच्या ग्रुपमुळे राईनपाडा घडलं असं मी म्हणत नाही, पण त्या आठवड्यात माझ्यासारखे किती जण काकांचा मान राखून गप्प बसले असतील याचा हिशेब मी अजून करतो. निवडणुकीतलं खोटं आणि अफवेतलं खोटं वेगळं वाटतं पण दोघांना पुढे ढकलणारी सवय एकच, 'आपल्याला खात्री नाही पण पुढे पाठवायला काय जातं', आणि दुसरी, 'आपल्याला माहितीये पण बोलून वाईट कशाला व्हायचं'.

म्हणून काकांचा मेसेज खोटा असेल तर मी आता काय करतो. आधी फोन करतो, ग्रुपवर नाही. "काका, तो मेसेज मी जरा बघितला, जुना निघाला, तुम्हीच टाका ना की चुकीचा होता." दहापैकी सहा वेळा ते स्वतः काढून टाकतात. काढत नसतील आणि मेसेज कोणाच्या जिवावर किंवा एखाद्या समाजावर उठणारा असेल तर मग मान बाजूला, लगेच ग्रुपवर लिहितो, एकच ओळ, माणसाबद्दल नाही, मेसेजबद्दल. "हा व्हिडिओ इथला नाही, पोलिसांत अशी तक्रार नाही, मी विचारलंय." वाद घालत नाही, दुसऱ्यांदा उत्तर देत नाही. ज्यांना वाचायचं ते गप्प राहून वाचतात, हे मी अनुभवाने सांगतो, दुसऱ्या दिवशी वेगळा फोन येतो की भाऊ ते खरंच खोटं होतं का. ते दोन बाण असलेलं 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स' दिसलं तर आधी तपासायचंच. आणि कोणी जीआर म्हणून पीडीएफ टाकला, अमुक योजना बंद, तमुक अनुदान सुरू, तर त्याच्यावर एक लांबलचक सांकेतांक असतो, त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. सरकारच्या साइटवर शासन निर्णय फुकट मिळतात, तो आकडा टाकून शोधायचा. तिथे नाही सापडला तर ग्रुपवर "हा जीआर मला साइटवर मिळाला नाही, कोणाकडे लिंक असेल तर द्या" इतकंच लिहायचं. 'खोटा आहे' लिहायची पण गरज नाही.

तुझ्या बॅनरबाबतही हेच करायला हवं होतं. तू लिहिलं असतं, "अभिनंदन, प्रशासकीय मान्यतेच्या आदेशाचा फोटो टाका ना कोणीतरी, कोणती कामं आहेत ते सगळ्यांना कळेल", तर तुला कोणी ग्रुपमधून काढलं असतं? काढलं असतं तर अख्ख्या गावाला दिसलं असतं की कागद मागितला म्हणून काढलं. आणि टाकला असता फोटो तर त्यात लेखाशीर्ष दिसलं असतं, म्हणजे पैसा सरकारच्या कोणत्या हिशेबखात्यातून येतो ते, 2515 मधून आहे, 3054 मधून, का जिल्हा नियोजनातून, कोणती कामं, किती लाखांची, काम कोणाकडे, बांधकाम विभागाकडे का जिल्हा परिषदेकडे. त्या एका पानावर तुझं सगळं पुढचं काम उभं राहतं.

आमच्या स्वतःच्या गावात हे शिकायला आम्ही एक वर्ष वाया घातलं. गल्लीतला काँक्रीटचा रस्ता झाला, अपुरा झाला, आणि आमची पोरं ओरडायला लागली की रस्ता केलाच नाही, सगळा पैसा खाल्ला. सरपंचाने काय केलं, दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रस्त्यावर उभं राहून फोटो काढला आणि टाकला. संपलं. रस्ता दिसतोय की, मग खोटं कोण? पोरांचं म्हणणं मुळात खरं होतं पण त्यांनी ते वाढवून सांगितलं आणि वाढवलेला भाग पकडून समोरच्याने खरा भागही धुऊन टाकला. वर्षभर त्या विषयावर कोणी तोंड उघडू शकलं नाही.

मग आम्ही मोजमाप पुस्तिकेची नक्कल काढली. एमबीत लांबी 180 मीटर. तीस मीटरचा पिवळा टेप घेतला आणि मी एक गोष्ट मुद्दाम केली, सत्ताधारी पॅनलचा एक मेंबर, सरळ माणूस, त्याच्या घरी गेलो आणि म्हटलं अप्पा, आम्ही मोजलं तर तुम्ही म्हणाल चुकीचं मोजलं, तुम्हीच एक टोक धरा. तो आला. मारुतीच्या पाराजवळ रस्त्याची सुरुवात, तिथे शून्य धरलं, तीस-तीसला खडूची रेघ मारत गेलो, चार रेघा झाल्या, आणि पाचव्या वेळेला काँक्रीट 21 वर संपलं, पुढे माती आणि सांडपाणी. पोरं काही बोलायच्या आत अप्पाच खाली वाकून टेप बघत म्हणाला, "एकशे एक्केचाळीसच शे रे भो." तेवढं एक वाक्य आमच्या वर्षभराच्या ओरडण्यापेक्षा जास्त पोचलं, संध्याकाळपर्यंत गावभर झालं, कारण ते त्यांच्या माणसाच्या तोंडून आलेलं होतं. ग्रामसभेत आम्ही 'चोरी' हा शब्द वापरला नाही. एमबीत 180 आहे, जागेवर 141 आहे, राहिलेले 39 मीटर कधी होणार, एवढंच लेखी दिलं आणि इतिवृत्तात घ्यायला लावलं. दोन-अडीच महिन्यांनी उरलेला तुकडा झाला. कोणावर कारवाई झाली नाही, हेही तुला सांगून ठेवतो, नाहीतर मीच वाढवून सांगितल्यासारखं होईल.

धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे, कधी गेला नसशील तर जा. इतिहासाचार्य राजवाडे आयुष्यभर गावोगाव वाड्यांमधून, दप्तरांमधून जुने कागद गोळा करत हिंडले, 1898 ला मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला, पानिपतच्या काळातली पत्रं, आणि शेवटी 1926 ला धुळ्यातच वारले, त्यांचं दप्तर तिथल्या मंडळाने सांभाळलं. मी तरुण असताना त्या इमारतीत बसून ती बांधलेली दप्तरं बघितली तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की बखरीत काय लिहिलंय हे वेगळं आणि अस्सल कागद काय म्हणतो हे वेगळं, आणि त्यासाठी माणूस किती पायपीट करू शकतो. आपल्याला तर दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करायचाय.

तो अर्ज कसा करायचा ते पटकन. माहिती अधिकार कायदा 2005 चा, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. महाराष्ट्रात अर्ज एका विषयावर आणि 150 शब्दांच्या आत लिहायचा, लोक इथेच चुकतात, सगळ्या गावाचं गाऱ्हाणं एका अर्जात भरतात आणि तो अडकतो. 'का' आणि 'कसं काय' विचारायचं नाही, फक्त कागद मागायचे. अमुक कामाच्या प्रशासकीय मान्यतेच्या आदेशाची प्रत, वर्क ऑर्डरची प्रत, मोजमाप पुस्तिकेची प्रत, आजपर्यंत वितरित निधीचा तपशील. चुकीच्या ऑफिसला गेला तरी पाच दिवसांत योग्य ऑफिसकडे पाठवायचं बंधन त्यांच्यावर आहे. उत्तर आलं नाही तर ती मुदत संपल्यापासून 30 दिवसांच्या आत पहिलं अपील. कामाची पाहणी करायचा हक्कही याच कायद्यात आहे, बऱ्याच जणांना माहीत नसतं. आणि ग्रामपंचायतीने स्वतः वित्त आयोगाच्या पैशातून काय खर्च केला ते तर ई-ग्रामस्वराज पोर्टलवर अर्ज न करता दिसतं, मोबाईलवर गावाचं नाव टाकून.

आता वडिलांचं. "आपले काय करनं शे" म्हणणारा बाप भित्रा आहे असं मनात आणू नको. घरकुलाची यादी, विहिरीचा प्रस्ताव, सोसायटीचं पीक कर्ज, उताऱ्यावरची नोंद, डीपी जळाली तर वायरमनला कोण फोन करणार, हे सगळं गावात त्याच चार माणसांच्या हातून जातं. त्यांनी चाळीस वर्षं या माणसांसोबत घर चालवलंय, त्यांना माहीत आहे की तोंडाने गेलेला शब्द कपाशीच्या हंगामात कसा परत येतो. मी 28 वर्षांत मार खाल्लेली, केसमध्ये अडकलेली, नोकरी गेलेली माणसं बघितलीत, त्यामुळे काही होत नाही, बिनधास्त बोल, असं मी तुला सांगणार नाही. तुझा धोका कमी करायचा असेल तर दोन गोष्टी. एक, 'चोर', 'खाल्ले', 'विकला गेला' असले शब्द लिहायचे नाहीत. बदनामीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये आहे, त्यात खरं आणि लोकहितासाठी बोललेलं अपवादात धरलंय, पण खरं आहे हे तुला दाखवावं लागतं, आणि 'सगळे चोर' हे कोणीच दाखवू शकत नाही. 180 आणि 141 दाखवता येतं. दोन, एकट्याने सही करायची नाही. पाच-सात घरांच्या सह्या, त्यात दोन तरी बाया, आणि जमलं तर वेगवेगळ्या आडनावांच्या, म्हणजे कोणी भाऊबंदकी म्हणणार नाही.

आणि वडिलांना बसवून सांग की मी चुकीचं लिहिलं होतं. हो, चुकीचं. रुपया आला की नाही हे मला माहीत नव्हतं आणि मी माहीत असल्यासारखं लिहिलं. हे तू ग्रुपवरही लिहिलं पाहिजे, ॲडमिनला विनंती करून परत जा आणि लिही, "मागे मी सगळ्यांना चोर म्हटलं ते चुकलं, मी शब्द मागे घेतो, मंजुरीच्या आदेशाची प्रत मात्र हवी आहे." तुला वाटेल नाक खाली गेलं. मी त्या पाइपवाल्या आबाच्या ओट्यावर परत गेलो तेव्हा मलाही तेच वाटलं होतं, आणि नंतर पंधरा वर्षं त्या गावातून मला जितक्या पक्क्या खबरा मिळाल्या तितक्या कुठून मिळाल्या नाहीत. आबाच फोन करायचा.

उपयोग काय, हा तुझा पहिला प्रश्न राहिला. देशातलं खोटं तुझ्या माझ्याने थांबणार नाही, कापलेले व्हिडिओ, मशीनने बनवलेले आवाज, हे वाढतच जाणार आहे, आणि ते पसरवणाऱ्यांकडे पगारी माणसं आहेत. पण तुझ्या गावात मतदार किती, दीड-दोन हजार? त्यातल्या शंभर जणांना जरी 'मंजूर' आणि 'वितरित' यातला फरक कळला तर पुढचं बॅनर लावणाऱ्याला प्रिंटिंगवाल्याकडे जाताना विचार करावा लागेल. मी असं एका गावात होताना बघितलंय, चोपड्याकडे, तिथे आता बॅनरवर कामाचं नाव आणि रक्कम लिहितात, नुसते कोटी लिहीत नाहीत, कारण लोक विचारतात.

या आठवड्यात एवढं कर. अर्ज लिही, मला फोटो पाठव, मी शब्द मोजून देतो. पुढची ग्रामसभा कधी आहे ते बोर्डावर बघ, वर्षाला किमान चार व्हायला हव्यात, गणपूर्तीला शंभर माणसं किंवा मतदारांच्या पंधरा टक्के, जे कमी असेल ते लागतं, आणि तहकूब झाली तर पुढच्या सभेला गणपूर्तीची अट नसते, तेव्हा नेमके चार जण बसून ठराव लिहितात, त्या दिवशी जरूर जा. आणि चुलतभावाकडे जा, अर्ज टाकायच्या आधी. त्याला सांग मी हे कागद मागतोय, खरंच 2 कोटी असतील तर सगळ्यात आधी मीच ग्रुपवर टाकेन, फोटोसकट. तसं निघालं तर टाक, मन मोठं करून टाक. आणि आकडा कमी निघाला तर ग्रुपवर टाकायच्या आधी कागद त्यालाच दाखव, घरी जाऊन, काकूच्या हातचा चहा घेत, आणि मोजायला जायची वेळ आली तर टेपचं दुसरं टोक त्याला धरायला सांग.